महिला फुटबॉलची लीग नेमकी कोण चालवतं?

पुण्याचा एक महिला फुटबॉल संघ देशाच्या पहिल्या महिला लीगमध्ये खेळला होता, हे आज पुण्यातही फार थोड्यांना आठवतं. इंडियन विमेन्स लीगचा पहिला हंगाम २०१६-१७ चा. अंतिम टप्प्यात सहा संघ होते. मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन, ओडिशाचा रायझिंग स्टुडंट्स, दक्षिणेतला जेप्पियार, मिझोरामचा ऐजॉल, हरियाणातल्या अलखपुरा गावाचा क्लब आणि आपला एफसी पुणे सिटी. १४ फेब्रुवारी २०१७ ला दिल्लीत अंतिम सामना झाला आणि मणिपूरच्या मुलींनी ओडिशाला ३-० ने हरवलं.

या सहांपैकी दोन संघ शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पुणे सिटी हा इंडियन सुपर लीगमधल्या पुरुषांच्या फ्रँचायझीचा महिला संघ. मागे शहर, मोठे मालक, बालेवाडीचं स्टेडियम. अलखपुरा हे भिवानी जिल्ह्यातलं खेडं. तिथे सरकारी शाळेच्या मैदानावर, पीटीच्या शिक्षकाच्या हाताखाली मुली खेळू लागल्या आणि त्यातूनच गावाचा क्लब उभा राहिला. दोघेही एकाच लीगमध्ये, एकाच पायरीवर उभे होते. २०१९ मध्ये पुण्याची फ्रँचायझी आर्थिक अडचणीत बंद पडली, तिची जागा हैदराबादला गेली आणि पुणे सिटी हे नावच संपलं. अलखपुऱ्याची ओळख मात्र आजही मुलींच्या फुटबॉलचं गाव अशीच आहे.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला शिरूर आणि दौंड हे दोन तालुके आहेत. इथली पंधरा-सोळा वर्षांची एखादी मुलगी चांगलं फुटबॉल खेळत असेल, तर ती देशाच्या लीगपर्यंत कोणत्या रस्त्याने जाणार? हा प्रश्न तिच्या पायातल्या ताकदीचा जितका आहे, त्याहून जास्त लीग चालवणाऱ्यांच्या हिशेबाचा आहे. तो हिशेब समजून घ्यायचा तर शंभर वर्षं मागे जावं लागतं.

कारखान्यातल्या मुली

इंग्लंडमध्ये प्रेस्टन नावाचं गिरण्यांचं शहर आहे. तिथे डिक, कर अँड कंपनी नावाचा कारखाना ट्राम आणि रेल्वेचं साहित्य बनवायचा. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, कारखान्यात दारूगोळा बनू लागला आणि कामावर मुली आल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या आवारात बॉल खेळायच्या. १९१७ मध्ये त्यांचा रीतसर संघ झाला, डिक, कर लेडीज. जखमी सैनिकांसाठी निधी गोळा करायला त्या सामने खेळू लागल्या.

२६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले. हजारो लोकांना जागा नाही म्हणून दारातूनच परत जावं लागलं. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला: आपल्या सदस्य क्लबांनी महिलांच्या सामन्यांना मैदान देऊ नये. कारण दिलं की हा खेळ बायकांच्या प्रकृतीला मानवत नाही, आणि निधीतला पैसा खर्चातच जास्त जातो. मैदान गेलं, तिकीट गेलं आणि हळूहळू प्रेक्षकही गेले. ही बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

महिला फुटबॉलची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: बघायला कुणी येत नाही, मग पैसा कुठून येणार? इतिहास याच्या उलट सांगतो. प्रेक्षक आले होते, पैसाही जमत होता. एका कार्यालयातल्या ठरावाने मैदानाचं फाटक बंद झालं. त्यानंतर दोन पिढ्या गेल्या आणि ‘बायकांच्या खेळाला प्रेक्षक नसतात’ हा निसर्गनियमच असल्यासारखं लोक बोलू लागले.

आपल्या काळातलंही एक उदाहरण आहे. २००७ मध्ये कॅनडात अकरा वर्षांच्या एका मुलीला हिजाब घातला म्हणून सामन्यातून बाहेर काढलं. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने तो निर्णय उचलून धरला. जून २०११ मध्ये इराणच्या महिला संघाला याच कारणावरून अम्मानमध्ये जॉर्डनविरुद्धच्या ऑलिंपिक पात्रता सामन्यात खेळू दिलं नाही. मुली मैदानावर आल्या होत्या, राष्ट्रगीताची वेळ झाली होती, आणि सामना झालाच नाही. जॉर्डनचे प्रिन्स अली यांनी जागतिक महासंघात हा विषय लावून धरला. २०१२ मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली, २०१४ मध्ये ती कायम झाली. घरच्यांनी रोखलं म्हणून मुली खेळत नाहीत, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. काही घरांत ते खरंही आहे. पण इथे घरच्यांनी पाठवलेल्या मुलींना नियमावलीने परत पाठवलं होतं.

तीन देश, तीन हिशेब

बंदी उठली तरी लीग आपोआप उभी राहत नाही. व्यावसायिक लीग म्हणजे खेळाडूला दरमहा पगार, लेखी करार, ठरलेला हंगाम, फिजिओ, प्रवास, पंच, मैदानाचं भाडं. तिकीट आणि जाहिरातीतून हा खर्च पहिल्या वर्षी निघत नाही, पाचव्या वर्षीही निघेलच असं नाही. मधल्या काळात तोटा कोण सोसणार, या एका प्रश्नाच्या उत्तरावर लीगचं आयुष्य ठरतं.

अमेरिकेने हे ठेच खाऊन शिकून घेतलं. १९९९ च्या महिला विश्वचषकाने तिथे स्टेडियम भरली. त्या उत्साहात केबल टीव्हीच्या कंपन्यांनी पैसा घातला आणि २००१ मध्ये आठ संघांची लीग सुरू झाली. पाच वर्षांसाठी ठरवलेला पैसा पहिल्याच वर्षात संपला. तीन हंगामांत तोटा सुमारे १० कोटी डॉलरवर गेला आणि सप्टेंबर २००३ मध्ये लीग बंद झाली. २००९ मध्ये दुसरी लीग आली, तीही तीन हंगामांपलीकडे टिकली नाही. २०१३ मध्ये तिसऱ्यांदा सुरुवात करताना हिशेबच बदलला. राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंचे पगार अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या महासंघांनी उचलले. क्लबांचं ओझं हलकं झालं, खर्चाला मर्यादा आली. ही तिसरी लीग टिकली. मात्र पगार मिळाला म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. याच लीगमध्ये प्रशिक्षकांकडून खेळाडूंचं शोषण झाल्याचं २०२१ मध्ये उघड झालं आणि खेळाडूंच्या तक्रारी वर्षानुवर्षं दाबल्या गेल्याचं २०२२ च्या चौकशी अहवालात नोंदवलं गेलं. तक्रार ऐकणारी यंत्रणा हाही लीग चालवण्याच्या खर्चाचाच भाग आहे.

इंग्लंडने दुसरा मार्ग धरला. ज्या असोसिएशनने बंदी घातली होती तिनेच २०११ मध्ये आठ संघांची विमेन्स सुपर लीग काढली. बहुतेक संघ पुरुषांच्या मोठ्या क्लबांचे. २०१८ पासून लीगमध्ये राहायचं तर संघ पूर्ण व्यावसायिक हवा, अशी परवान्याची अट आली. २०२४ मध्ये लीगचा कारभार असोसिएशनकडून काढून क्लबांच्या स्वतंत्र कंपनीकडे गेला. पैशाची बाजू पुरुषांचे क्लब सांभाळतात, म्हणून हे चालतं. धोकाही तिथेच आहे. पुरुषांचा संघ अडचणीत आला की पहिली कात्री मुलींच्या संघावर चालते.

तिसरं उदाहरण मोरोक्कोचं. तिथे श्रीमंत मालकांची वाट पाहिली नाही. २०२० मध्ये राष्ट्रीय महासंघाने महिलांच्या दोन्ही वरच्या श्रेणी व्यावसायिक करायचं ठरवलं आणि खेळाडूंच्या पगाराचा भार स्वतः उचलला. पुढचा निकाल सगळ्यांसमोर आहे. २०२२ मध्ये लष्कराच्या एएस फार या क्लबने आफ्रिकेची महिला चॅम्पियन्स लीग जिंकली. २०२३ च्या विश्वचषकात पोहोचलेला मोरोक्को हा पहिला अरब संघ ठरला. दक्षिण कोरिया आणि कोलंबियाला हरवून तो बाद फेरीत गेला. त्याच संघातली एएस फारची बचावपटू नुहैला बेन्झिना हिजाब घालून वरिष्ठ महिला विश्वचषकात खेळणारी पहिली खेळाडू. मुस्लिम समाजात मुलींचा खेळ रुजत नाही, असं म्हणणाऱ्यांना मोरोक्कोने भाषणातून उत्तर दिलं नाही, पगारपत्रकातून दिलं.

आपल्याकडची लीग

भारतात महिला फुटबॉल नवा नाही. १९७५ मध्ये महिलांचा वेगळा महासंघ स्थापन झाला. तेव्हा पुरुषांच्या महासंघाशी त्याचा संबंध नव्हता. खेळाडूंना पैसा जवळपास नव्हताच. तरीही भारतीय मुली आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेत्या ठरल्या, एकदा कालिकतमध्ये आणि १९८३ मध्ये बँकॉकला. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने कारभार ताब्यात घेतला आणि राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. लीग यायला पुढची पंचवीस वर्षं गेली.

ती आली तेव्हा तिचा अंतिम टप्पा जेमतेम अडीच आठवड्यांचा होता. सहा संघ, प्रत्येकाचे पाच साखळी सामने, मग उपांत्य आणि अंतिम. म्हणजे विजेत्या संघालाही सात सामने. सात सामन्यांसाठी कोणता क्लब वर्षभराचा पगार देईल? म्हणून खेळाडू दोन-तीन महिन्यांच्या करारावर यायच्या आणि स्पर्धा संपली की घरी जायच्या. ज्यांचं घर चालायचं त्या पोलीस, रेल्वे किंवा सशस्त्र दलांच्या नोकरीत होत्या. २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी करार करणारी बाला देवी हीदेखील मणिपूर पोलिसांतली.

२०२३-२४ मध्ये मोठा बदल झाला. सात संघ, प्रत्येकाचा सामना एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा दुसऱ्याच्या. प्रत्येकी १२ सामने, हंगाम डिसेंबर ते मार्च. ओडिशा विजेता. पुढच्या वर्षी आठ संघ, १४ सामने, विजेता ईस्ट बंगाल. क्लबने किमान १० भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यावा, असंही महासंघाने २०२३ मध्ये ठरवलं. महिन्याला साधारण साडेसव्वीस हजार. रक्कम मोठी नाही, पण ‘मुलगी फुटबॉल खेळून काय करणार?’ या प्रश्नाला प्रथमच आकड्यात उत्तर मिळालं. जुलै २०२५ मध्ये भारतीय मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. हंगाम लांबल्याचा काहीतरी वाटा त्या विजयात नक्कीच असणार.

कारभार बिघडला की काय होतं, तेही या लीगने पाहिलं आहे. महासंघाच्या पदाधिकाऱ्यांची मुदत संपूनही निवडणूक झाली नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, प्रशासक नेमले गेले आणि १५ ऑगस्ट २०२२ ला जागतिक महासंघाने भारताला निलंबित केलं. त्या वेळी लीगचा विजेता गोकुळम केरळचा संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता. वाद पदाधिकाऱ्यांचा, आणि मुली एकही सामना न खेळता परत आल्या. २६ ऑगस्टला निलंबन उठलं तेव्हा उशीर झाला होता.

आता महाराष्ट्राकडे पाहू. पुणे सिटीनंतर एफसी कोल्हापूर सिटी लीगमध्ये दिसला. मुंबईचे केंकरे, पिफा कोलाबा आणि मुंबई नाइट्स हे क्लबही येऊन गेले. लीग लांबली, खर्च वाढला आणि २०२३-२४ च्या सात संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. २०२४-२५ च्या आठातही नव्हता. राज्यांची राष्ट्रीय महिला स्पर्धा आता राजमाता जिजाबाई चषक या नावाने होते. १९९१ पासूनच्या तिच्या इतिहासात मणिपूरने वीसहून अधिक वेळा विजेतेपद मिळवलं. २०२४-२५ पर्यंत महाराष्ट्राच्या वाट्याला ते एकदाही आलं नाही. जिजाऊंचं नाव चषकावर कोरलं गेलं आणि जिजाऊंचं राज्य उपांत्य फेरीच्या गणितात अडकलेलं राहिलं.

क्रिकेटकडे बोट दाखवून कुणी म्हणेल, विमेन्स प्रीमियर लीगसारखं करा. २०२३ मध्ये तिचे पाच संघ ४,६६९ कोटी ९९ लाखांना विकले गेले, प्रक्षेपणाचे पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींना गेले आणि आपल्या सांगलीची स्मृती मानधना ३ कोटी ४० लाखांना घेतली गेली. आनंदच आहे. पण त्या लीगच्या मागे पुरुषांच्या आयपीएलची पंधरा वर्षं आणि श्रीमंत मंडळाची तिजोरी होती. फुटबॉलकडे दोन्ही नाही. त्याला प्रेस्टन, अलखपुरा आणि मोरोक्को यांच्यामधला रस्ता शोधावा लागेल.

शिरूर आणि दौंड

या दोन तालुक्यांकडे त्या नजरेने पाहिलं तर चित्र निराश करणारं नाही. दौंडला रेल्वे १८५८ मध्ये आली, मनमाडकडची लाइन १८७८ मध्ये. तेव्हापासून हे जंक्शनचं आणि रेल्वे कामगारांचं गाव. गावात राज्य राखीव पोलीस दलाचे पाचव्या आणि सातव्या क्रमांकाचे गट आहेत, जवळ नानवीजचं प्रशिक्षण केंद्र आहे. म्हणजे कवायतीची मैदानं आहेत. शिरूर तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी आहे, सामाजिक जबाबदारीचा निधी खर्च करणं कायद्याने बंधनकारक असलेले मोठे कारखाने आहेत. रेल्वे, पोलीस आणि कारखाना. जगात आणि देशात महिला फुटबॉल ज्यांच्या आधाराने तगला, ते तिघेही या दोन तालुक्यांत हजर आहेत.

नाही ती मधली शिडी. मुलगी शाळेत असेपर्यंत शासनाच्या शालेय स्पर्धा आहेत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या क्रमाने त्या होतात. सतरा वर्षांखालील मुलींसाठी सुब्रतो चषक आहे. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, पुढे नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून पालकही थोडे सैल होतात. पण तालुक्यात हरलेला संघ त्या वर्षापुरता संपतो. बाद पद्धतीच्या स्पर्धेत निम्म्या मुली वर्षाला एकच सामना खेळतात. बारावीनंतर तर दारच बंद. पुढचं फुटबॉल पुणे शहरात आहे. दौंडहून रेल्वेने पाऊणशे किलोमीटर. शिरूरला अजून रेल्वेच नाही, एसटीने जायचं आणि सराव संपवून रात्री परतायचं. कोणत्या घरातली मुलगी हे रोज करू शकेल? हा प्रश्न मराठा, दलित, धनगर, मुस्लिम अशा सगळ्याच घरांत सारखा आहे. मुस्लिम वस्तीत त्याला ‘लोक काय म्हणतील’ याची जोड थोडी जास्त, इतकाच फरक.

तो फरक कसा ओलांडायचा, हे ठाणे जिल्ह्यातल्या मुंब्र्यात दिसलं आहे. २०१२ च्या सुमारास तिथे ‘परचम’ नावाच्या गटाने मुलींचं फुटबॉल सुरू केलं. बहुसंख्य मुली मुस्लिम, सोबत इतर समाजांच्याही. मैदान मुलांनी व्यापलेलं, म्हणून मुलींनी सह्यांची मोहीम काढली आणि मुलींसाठी राखीव मैदान मागितलं. त्यांनी धर्मावर वाद घातला नाही, जागा आणि वेळ मागितली. घराजवळ मैदान, ठरलेली वेळ आणि सोबत खेळणाऱ्या मैत्रिणी असल्या की वडिलांची हरकत पुष्कळ कमी होते.

म्हणून शिरूर आणि दौंडला आधी क्लब विकत घेणारा मालक नको, लीग हवी. अगदी लहान लीग. तीन संघ दौंड तालुक्याचे, तीन शिरूरचे. एक रेल्वे आणि पोलीस वसाहतीचा, एक रांजणगावच्या कारखान्यांचा, बाकी शाळा आणि कॉलेजांचे. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावात आणि एकदा दुसऱ्याच्या. एकूण ३० सामने. रविवारी तीन सामने ठेवले तर दहा रविवारांत हंगाम पूर्ण. प्रत्येक मुलीच्या वाट्याला दहा सामने येतात. देशाच्या पहिल्या लीगमध्ये विजेत्या संघाला सात मिळाले होते, हे लक्षात ठेवावं.

वयाची अट सतरापर्यंत न ठेवता पंचवीसपर्यंत ठेवावी, म्हणजे कॉलेजातली, नोकरीतली, लग्न झालेली मुलगीही खेळेल. जिल्हा असोसिएशनने पंच द्यावेत आणि मुलींची महासंघाच्या यादीत रीतसर नोंदणी करून घ्यावी, कारण नोंदणी नसलेली खेळाडू कितीही चांगली असली तरी वरच्या क्लबला दिसत नाही. व्यवस्थापनात किमान एक बाई असावी, आणि तक्रार कुणाकडे करायची ते पहिल्याच दिवशी मुलींना सांगितलेलं असावं. अमेरिकेला हे समजायला वीस वर्षं लागली.

खर्च काय येईल? बॉल, जर्सी, पंचांचं मानधन, दौंड ते शिरूर जाण्या-येण्याच्या गाड्या, प्रथमोपचार, पाणी आणि केळी. गणपती, उरूस आणि जत्रेच्या मांडवाला वर्गणी काढणाऱ्या गावांना हा आकडा घाबरवणारा नाही. अट एकच, पहिल्या वर्षी प्रेक्षक आले नाहीत म्हणून दुसऱ्या वर्षी लीग बंद करायची नाही. निदान पाच हंगामांचा पैसा आणि शब्द आधी बांधून घ्यायचा. प्रेस्टनच्या मुलींना जेवणाच्या सुट्टीपासून गुडिसन पार्कपर्यंत जायला तीन वर्षं लागली होती. दौंडच्या मुलींना किती लागतील, ते पहिल्या रविवारचा सामना ठरल्यावर मोजता येईल.